हणजुणच्या खडपावरील ओहोटी-फेरी: जाहिरातीपेक्षा फेरी सरस

गोव्यात समुद्र दाखवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांची वाण नाही. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या आहेत, ग्रांद बेटापाशी बुडी मारायला नेणारे आहेत, पॅराशूटला बांधून लाटांवरून फिरवणारेही आहेत. या गर्दीत ओहोटीच्या वेळी खडपावर पायी फिरवून नखाएवढे जीव दाखवणारी एक सेवा सागरी जीवशास्त्र शिकलेल्या काही तरुणांनी हणजुणला सुरू केली आहे, आणि गेल्या हंगामात आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून तिचा लाभ घेतला. माझे मत प्रारंभीच सांगतो: फेरी अतिशय उत्तम आहे, तिची जाहिरात मात्र तिला शोभणारी नाही. म्हापसा, पणजी, डिचोली या भागांतील मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कुठे जावे असे वारंवार विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी जाहिरातीविषयी, कारण बहुतेक लोक तिच्यामुळेच येतात. मोबाइलवर फिरणाऱ्या त्यांच्या पत्रकावर एका इवल्याशा हिरव्या प्राण्याचे छायाचित्र आहे. पांढरट तोंड, अगदी जवळजवळ असलेले दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे, कानांप्रमाणे उभी राहिलेली दोन शृंगे आणि पाठीवर दाटीने उगवलेली हिरवी पाने असे त्याचे रूप आहे. हा प्राणी म्हणजे ‘लीफ शीप’ या नावाने जगभर लाडका झालेला कोस्टासिएला कुरोशिमे. ही कवच नसलेली सागरी गोगलगाय जेमतेम ५ ते १० मिलिमीटर लांबीची असते. जपानच्या दक्षिणेकडील कुरोशिमा बेटावरून तिला नाव मिळाले, १९९३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि जपान, फिलिपिन्स व इंडोनेशिया येथील उबदार पाण्यात ती अव्हरेनविलिया नावाच्या शैवालावर आढळते. हणजुणला ती दिसेल असे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही हे खरे. पण फेरीच्या जाहिरातीवर एखाद्या प्राण्याचे चित्र छापले की तो फेरीत दिसणार असे वाचणारा गृहीत धरतो. आमच्या गटातील नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने तर त्या प्राण्याचे चित्र वहीत काढून आणले होते. मार्गदर्शक बाईंनी ते चित्र पाहिले, मुलीला जवळ घेतले आणि सर्वांसमोर स्पष्ट सांगितले, “बाळा, ही इथे मिळणार नाही, पण हिची एक बहीण मिळते का ते आपण बघू.” या प्रांजळपणाचे मला कौतुक वाटले. तोच प्रांजळपणा पत्रकात आणणे मुळीच अवघड नाही आणि तो त्यांनी आणावा.

फेरीची वेळ ठरवण्यात मात्र त्यांनी कोणतीही कसर ठेवलेली नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत जास्त मागे हटते हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु गोव्यात मोठ्या उधाणातही भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक साधारण दोन मीटरच असतो, खंबातच्या आखातासारखा प्रचंड नसतो, आणि त्यामुळे खडपाची सर्वांत खालची पायरी, जिथे हे नाजूक जीव राहतात, ती फार थोडा वेळ उघडी पडते. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून हे लोक फेऱ्यांच्या तारखा आधीच कळवतात आणि पाणी सर्वांत खाली जाण्यापूर्वी तासभर अगोदर सर्वांना जमायला सांगतात. पाणी उतरत असताना त्याच्यामागून खाली जायचे आणि ते वळले की वर यायचे, हा त्यांचा क्रम आहे. परतीची वेळ सुरुवातीलाच सांगितली जाते आणि ती पाळली जाते. कोणी आणखी एक छायाचित्र मागत राहिले तरी सवलत मिळत नाही. समुद्राकडे पाठ करून खडकावर उभे राहणाऱ्या पर्यटकांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, त्यामुळे हा काटेकोरपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. जून ते सप्टेंबर फेऱ्या पूर्ण बंद असतात.

निघण्यापूर्वी नियम सांगितले जातात. पायांत रबरी तळव्याचे बंद बूट हवेत, चपला चालत नाहीत. हातांना सनस्क्रीन लावलेले असेल तर डबक्यात हात घालायचा नाही. दगड उलटायचा असेल तर तो मार्गदर्शकच उलटतील आणि पाहून झाल्यावर जसा होता तसाच, त्याच बाजूने, अलगद ठेवतील, कारण दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात पडले की मरतात. कोणताही प्राणी उचलायचा नाही, बाटलीत भरायचा नाही. त्याऐवजी प्रत्येक कुटुंबाला एक भिंग आणि पारदर्शक तळाचा एक डबा दिला जातो. हा डबा पाण्यावर टेकवला की वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लहरी नाहीशा होतात आणि डबक्याचा तळ लख्ख दिसू लागतो. साधे साधन आहे, पण त्याने केवढा फरक पडतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. गटात दहाच माणसे घेतात आणि सोबत दोन मार्गदर्शक असतात. हे प्रमाण त्यांनी पैशांच्या लोभाने कधीही वाढवू नये.

हणजुणचे खडप वरून पाहणाऱ्याला ओसाड वाटते. काळपट, खडबडीत जांभा, त्यावर पांढऱ्या खवल्यांसारखे चिकटलेले बार्नेकल आणि धारदार कडांची कालवे, एवढेच आधी नजरेस पडते. जसजसे खाली उतरावे तसतसा रंग पालटतो. हिरवट-तपकिरी गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले मऊ प्राणी, दिसू लागतात, आणि येथे मार्गदर्शक बाई सर्वांना थांबवून बजावतात की याला बोट लावायचे नाही, कारण यांतील पॅलिथोआ प्रकारात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष सापडते. हाताला बारीकशी जखम असेल तरी धोका संभवतो. इतकी वर्षे आपण सारे याच गालिच्यावरून अनवाणी चालत आलो आहोत, ही गोष्ट गटातील बऱ्याच जणांना त्या सकाळी प्रथमच कळली. शंखात घर केलेले साधू खेकडे, दगडाला ढालीसारखे चिकटलेले कायटन, फटीतून एखादाच बाहू बाहेर काढून बसलेला ठिसूळ तारा, हे सर्व वाटेत येते आणि त्याचे वर्णन मी येथे करत बसत नाही, कारण फेरीचा प्राण पुढे आहे.

खालच्या पायरीवरच्या एका पसरट डबक्यात ब्रायोप्सिस नावाचे शैवाल होते. गडद हिरव्या, मऊ पिसांचा झुपका पाण्यात डुलावा तसे ते दिसते. मार्गदर्शक बाई त्याच्यासमोर गुडघे टेकून बसल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी एका पिसाच्या बुडाकडे गवताची काडी रोखली. आम्हाला शैवालच दिसत होते. डबा टेकवला, भिंग लावले, तरीही शैवालच दिसले; आणि मग त्या शैवालाचा एक भाग हळूच पुढे सरकला. ती एलिसिया नावाची सागरी गोगलगाय होती. लांबी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, रंग शैवालाचाच, अंगाच्या दोन्ही बाजूंच्या झालरी पाठीवर मिटलेल्या, त्यामुळे एकूण आकार दुमडलेल्या विड्याच्या पानासारखा. झालरींच्या कडेने एक बारीक काळी रेघ आणि तिच्या आत नारिंगी रेघ होती. सर्वांगावर पांढरे व काळे सूक्ष्म ठिपके होते. डोक्यावरची दोन शृंगे गुंडाळलेल्या कागदासारखी पोकळ होती आणि ती दोन्ही वेगवेगळ्या दिशांना चाचपत होती. ढग सरकून ऊन पडले तेव्हा तिने झालरी थोड्या उघडल्या, आणि आतल्या बाजूला पानाच्या शिरांसारखे फाटे फुटलेले जाळे दिसले. गटातील एका गृहस्थांना छायाचित्रासाठी तिला काडीवर घेऊन उजेडात आणायचे होते. बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, ती आहे तिथेच राहू दे. उजेड आपण तिच्याकडे नेऊ.” आणि त्यांनी पिशवीतून लहान टॉर्च काढून त्यांच्या हाती दिला. छायाचित्र उत्तम आले.

जात कोणती, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले की प्रजाती एलिसिया हे निश्चित, पण या रंगरूपाच्या एलिसिया ऑर्नाटा आणि एलिसिया मार्जिनाटा या दोन जातींची दीर्घकाळ एकमेकींशी गल्लत होत आलेली आहे, आणि डबक्याकाठी उभे राहून त्यांत निवाडा करणे योग्य नाही. पर्यटकाला खूश करण्यासाठी एखादे भारदस्त नाव ठोकून देणे किती सोपे होते! असे न करणारी व्यक्ती मार्गदर्शक म्हणून लाभणे हे या सेवेचे खरे भांडवल आहे.

त्यानंतर खडपावरच बसून त्यांनी जे सांगितले ते शाळेच्या कोणत्याही तासाला सरस ठरावे. ही गोगलगाय शैवाल कुरतडत नाही. तिच्या तोंडात दातांची एकच ओळ असते, त्यातील एका धारदार दाताने ती शैवालाच्या पेशीला छेद देते आणि आतला रस शोषून घेते. त्या रसातील बाकी सर्व पचते, पण शैवालाची हरितलवके, म्हणजे उन्हाच्या मदतीने अन्न तयार करणारे हिरवे कण, मात्र ती आपल्या पचनग्रंथीच्या पेशींत साठवून ठेवते. अंगभर पसरलेले जे हिरवे जाळे आम्ही पाहिले ते याच ग्रंथीचे फाटे. जाहिरातीतील लीफ शीपच्या पाठीवरची पानेही याच कारणाने हिरवी असतात, आणि म्हणूनच बाईंनी एलिसियाला तिची बहीण म्हटले होते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एलिसिया क्लोरोटिका या जातीत तर ही उसनी हरितलवके कित्येक महिने टिकतात. २०२१ मध्ये जपानमधील नारा महिला विद्यापीठातील सायाका मितो आणि योइची युसा यांनी प्रसिद्ध केलेले संशोधनही बाईंनी सांगितले: एलिसिया मार्जिनाटा स्वतःचे डोके धडापासून वेगळे करते, हृदय धडाबरोबर मागे राहते, सुटे डोके सरपटत राहते, काही तासांत शैवाल खाऊ लागते, आणि सुमारे तीन आठवड्यांत त्याला हृदयासह नवे धड फुटते. वयाने मोठ्या प्राण्यांच्या डोक्यांना मात्र हे जमत नाही आणि ती मरतात, हेही त्यांनी वगळले नाही. मुले अवाक होऊन ऐकत होती, आणि थोरांची अवस्था वेगळी नव्हती.

मला स्वतःला सर्वांत भावला तो ब्रायोप्सिसचा भाग. याच शैवालावर जगणाऱ्या एलिसिया रुफेसेन्स या जातीच्या अंगात कहालालाइड एफ हे रसायन हवाईमधील संशोधकांना सापडले. ते माशांना नकोसे वाटते आणि गोगलगायीचे रक्षण करते. कर्करोगावरील औषध म्हणून त्याच्या मानवी चाचण्याही झाल्या. परंतु हे रसायन गोगलगाय बनवत नाही आणि शैवालही बनवत नाही. शैवालाच्या आत राहणारा एक जिवाणू ते बनवतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. जिवाणूने बनवलेले विष शैवालाला मिळते आणि शैवाल खाऊन ते गोगलगायीला मिळते. आमच्यासमोरच्या जिवाला हे लागू आहे असा दावा बाईंनी केला नाही. मात्र एका डबक्यातील हिरव्या झुपक्याकडे पाहताना किती धागे हातात धरावे लागतात, हे सर्वांना समजले.

याच ठिकाणी पत्रकाविषयीची माझी दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार येते. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की हा प्राणी केवळ सूर्यप्रकाशावर जगतो. हे आकर्षक वाक्य आज सर्वत्र आढळते, पण ते जसेच्या तसे खरे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एलिसिया टिमिडा आणि प्लाकोब्रँकस ओसेलाटस या हरितलवके साठवणाऱ्या दोन जातींना उपाशी ठेवून काही प्राणी उजेडात, काही अंधारात आणि काहींचे प्रकाशसंश्लेषण रसायनाने रोखून पाहिले. अंधारातील प्राणीही आठवडेच्या आठवडे जगले आणि वजनातील घट सर्वांत जवळपास सारखीच होती. म्हणजे जगण्यासाठी त्यांना ऊन अनिवार्य नव्हते. दुसरीकडे, २०२१ मध्ये एलिसिया टिमिडावरच झालेल्या दुसऱ्या संशोधनात, उजेडातील प्रकाशसंश्लेषणाचा त्यांच्या प्रजननाला हातभार लागतो असे आढळले. थोडक्यात, उसन्या हरितलवकांचा उपयोग आहे, पण किती, कोणत्या जातीत आणि कशासाठी, यावर अजून काम चालू आहे. बाईंनी प्रत्यक्ष फेरीत हे सर्व नीट उलगडून सांगितले. मग त्यांच्याच सेवेच्या पत्रकाने ज्ञानाच्या नावाखाली चुकीचे विधान का पसरवावे? फेरीला न येणारी शेकडो माणसे ते पत्रक वाचतात आणि तेवढेच खरे धरून चालतात. मी हे त्यांना लेखी कळवले असून त्यांनी पुढील हंगामात दुरुस्ती करण्याचे मान्य केले आहे.

किनाऱ्यावरच्या माणसांशी ही मंडळी कशी वागतात, हेही नमूद केले पाहिजे. आम्ही खाली उतरलो तेव्हा गावातील दोन-तीन स्त्रिया लोखंडी हत्याराने कालवे फोडून त्यांतले मांस डब्यात भरत होत्या. मार्गदर्शकांनी गटाला त्यांच्या वाटेतून बाजूला घेतले, त्यांची छायाचित्रे काढू नका असे सांगितले आणि आज कोणत्या बाजूला काय दिसले, याची त्यांच्याकडेच चौकशी केली. त्यांतील एका वयस्क बाईंनी आमच्यातल्या एका मुलाला हाक मारून डबक्यात बोट दाखवले आणि म्हटले, “तें पान न्हय, जिवें आसा.” ती दुसरी एलिसिया होती आणि तिच्याजवळ शैवालावर अंड्यांची पिवळसर फीत गोल गोल गुंडाळलेली होती. फेरीच्या उत्पन्नातील काही भाग या स्त्रियांना मार्गदर्शनाचे मानधन म्हणून द्यावा, असे मला मनापासून वाटते. त्यांच्याइतके हे खडप कोणीच ओळखत नाही.

काही गैरसोयी आहेत. जमण्याच्या जागेची खूण संदेशात इतकी मोघम दिली होती की दोन कुटुंबे दुसऱ्याच पायवाटेने उतरली, आणि ओहोटीचा मोलाचा अर्धा तास त्यांना शोधण्यात गेला. जवळपास स्वच्छतागृह नाही आणि ते आधी सांगितले जात नाही. पहाटे निघालेल्या लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या दृष्टीने ही बारीक बाब नव्हे. शेवटी दिलेली माहितीपत्रिका केवळ इंग्रजीत आहे. तोंडी माहिती कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत इतकी सुरेख दिली जात असताना छापील कागद मराठी-कोकणीत नसावा, याचे वाईट वाटते. ज्या मुलीने चित्र आणले होते ती मराठी शाळेत शिकते, आणि तिला तो कागद वडिलांकडून वाचून घ्यावा लागला.

सागरी गोगलगाय दिसेलच याची हमी ते देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नंतर मी पुन्हा गेलो त्या सकाळी वारा होता, पाणी गढूळ होते आणि एकही एलिसिया दिसली नाही. मार्गदर्शकांनी उगाच दगड उलटत सुटण्याऐवजी ब्रायोप्सिसच्या झुपक्यांवरची अंड्यांची जुनी फीत दाखवली, झोअँथिडच्या कडेने फिरवले आणि वेळेवर वर आणले. त्या दिवशीचे पैसे वाया गेले असे मला वाटले नाही, पण केवळ छायाचित्रासाठी आलेल्या एका जोडप्याची नाराजी स्पष्ट दिसत होती. अशांनी आधीच विचार करावा.

शुल्क माणशी ८०० रुपये असून बारा वर्षांखालील मुलांना निम्मे आहे. भिंग आणि डबा त्यातच आला. सात-आठ वर्षांपेक्षा लहान मुलांना खडकांवरून चालणे जड जाईल, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच्या पायरीवरच थांबावे. त्यांच्यासाठी एक मार्गदर्शक वर थांबतो, हे विचारल्यावर कळले. नाव नोंदवताना उधाणाच्या पहिल्या दिवसाऐवजी त्यानंतरचा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी ओहोटी थोडी उशिरा लागते आणि भर उजेडात खालची पायरी पाहायला मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील तारखा लवकर भरतात.